झाकली मूठ

"सांगा" म्हटलं की घड्याळ.
"बरं, सांगा" म्हटलं की सोन्याचं घड्याळ.
"आता" म्हणजे अंगठी, "लवकर" म्हणजे किल्ली,
आणि आधी खोकलो, तर वस्तू बाईची, पण पुरुषाच्या खिशातली.
एकशे बारा खुणा. पाढ्यांसारख्या पाठ केल्या आम्ही
बाइया ब्लांकाच्या एका खोलीत, रॉकेलच्या शेगडीपाशी,
माते पीत, चुकलं तर एकमेकांच्या हातावर चापट मारत.

स्टेजवर नेलिदा. डोळ्यांवर कणकेचे दोन गोळे,
वर कापूस, वर काळी पट्टी.
मी, एर्मिंदो, खाली, खुर्च्यांच्या रांगांमधून,
गव्हाच्या व्यापाऱ्यांशी, रेल्वेच्या फिटरांशी गोड बोलत
त्यांच्या खिशातला ऐवज उंच धरणारा.
सगळी जादू माझ्या पहिल्या शब्दात होती.
हे मुद्दाम सांगतो,
कारण पुढचं सांगायचं आहे.

त्रेस आरोयोसला, जुलैच्या थंडीत,
हॉल अर्धा रिकामा, पत्र्यावर वाऱ्याची दगडफेक,
सहाव्या रांगेतल्या एका माणसानं मूठ पुढे केली
आणि उघडलीच नाही.
"तुम्हाला कशाला दाखवू? बघणारी ती आहे ना?"
लोक हसले.
त्याच्या नखांत ग्रीस होतं, अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग.
मी म्हटलं, नाणं असणार.
पुरुषाच्या मुठीत आणखी काय असतं?
नाण्याचा शब्द टाकला: "शांतपणे, बाई, शांतपणे."

नेलिदा गप्प.
इतका वेळ गप्प, की अकॉर्डियनवाल्यानं
वाद्य मांडीवरून खाली ठेवलं.
मग म्हणाली,
"काही नाही. मूठ रिकामी आहे.
सकाळपासून मिटलेली आहे. उघडू द्या त्यांना, दुखत असेल."

त्यानं उघडली.
तळहातावर नखांच्या चार लाल कोरी.
तो टोपी न घेताच निघून गेला.
ती टोपी पुढे पाच वर्षं आमच्या ट्रंकेत होती.
कुणाला बसली नाही.

रात्रीच्या बसमध्ये मी विचारलं.
ती पट्टीला चिकटलेली कणीक नखानं खरवडत होती.
"तुझा आवाज," म्हणाली.
"तुला ठाऊक नव्हतं, ते ऐकू आलं."
असेल.
पण मला ठाऊक नव्हतं म्हणून मूठ रिकामी कशी?
आणि सकाळपासून?
माझ्या आवाजात सकाळ कुठे होती?

"आता झोप," ती म्हणाली.

आता.
माझ्या कोटाच्या आतल्या खिशात
तान्दिलच्या एका बाईनं परत केलेली अंगठी होती.

त्यानंतर एकोणीस वर्षं मी घरात जपून विचार केला.
भांडी पुसताना मनात खुणांची उजळणी करायचो,
एक ते एकशे बारा, पुन्हा एक,
म्हणजे मध्ये दुसरं काही शिरायला फट राहू नये.
तिनं कधी काही विचारलं नाही.
ह्याचे दोन अर्थ होतात.
मी दोन्ही उशाशी घेऊन झोपलो.

मागच्या महिन्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.
दुसऱ्याही डोळ्याचं लगोलग.
पांढरी पट्टी ह्या वेळी, कणीक नाही.
नर्स बाहेर गेली, तशी मी मूठ पुढे केली.
खूण दिली नाही. खोकलोसुद्धा नाही.
मुठीत ती अंगठी, घामानं ओली.

तिनं माझी बोटं चाचपली, एकेक,
उघडली मात्र नाहीत.
"घड्याळ," म्हणाली.

"बरोबर," मी म्हटलं.

आणि ती हसली, टाळ्यांकडे बघून हसायची तशी,
किंचित डावीकडे वळून,
जिथे दिवा असायचा.