टाच

तैस्तोच्या दुकानाला पाटी नाही.
पूमालाच्या पुलाखालून डावीकडे, बोटींची जुनी शेड,
आत डांबराचा, रबराचा आणि कालच्या कॉफीचा वास.
मी भिंतीवरच्या निळ्या बोर्डाकडे हात केला,
मासा खाणाऱ्या अस्वलाचं चित्र आहे त्याच्यावर,
म्हटलं, हा.
तो म्हणाला, तू पडतेस कुठे?

कुठे म्हणजे? पाण्यात.

तसं नाही. लाटेच्या अलीकडे की पलीकडे?
उडताना की उतरताना?
पंजाच्या बाजूला की टाचेच्या?

तीन उन्हाळे मी ओइवाच्या बोटीमागे लोंबकळतेय,
हँडल धरून धरून तळहात बर्चच्या सालीसारखे झालेत.
पडणी मोजली होती मी.
वाचली नव्हती.

मग मंगळवारचं आठवलं.
फेरीबोटीवरची पाळी संपवून, रात्री दहाच्या उन्हात,
लाट ओलांडली, पूर्ण ओलांडली,
ओइवा सुकाणू सोडून ओरडलासुद्धा,
आणि उतरता उतरता उजवी टाच उठली,
उतू जाणाऱ्या दुधावरचं झाकण उठतं तशी,
एवढीशीच.
पुढचं सगळं पाणी नाकातून.

तैस्तोने माझे जुने बूट उलटेपालटे केले.
पुढून उघडे, वर एक दमलेली पट्टी.
अडतीसपासून त्रेचाळीसपर्यंत कुणालाही येतात, मी म्हटलं.
म्हणजे कुणालाच येत नाहीत, तो म्हणाला.

वजन किती?
अडुसष्ट.
तो नुसता बघत राहिला.
एकाहत्तर.

मग त्याने दोन्ही बोर्ड फरशीवर शेजारी ठेवले,
माझा आणि अस्वलाचा.
माझ्याचा बाक सलग, होडीच्या पोटासारखा,
लाटेवर हळूच चढतो, हळूच सोडतो.
अस्वलाचा मधे सपाट, टोकांशी अचानक वळलेला:
उडवतो खूप,
आणि खाली आल्यावर गुडघ्यांकडून वसुली करतो.
नाचता येईना, अंगण वाकडं म्हणतात.
इथे अंगण वाकडंच लागतं.
भांडण एवढंच, की कुठून.

त्याने खोक्यातून नवे बंद बूट काढले,
आत साबणाचं पाणी शिंपडलं.
पाय जाईना. मी दात खाल्ले.
तैस्तो खिडकीतून बाहेर, तळ्यावरच्या टिटव्यांकडे बघत उभा,
जणू मी कपडे बदलतेय.
मग काहीतरी चुप् म्हणालं आणि पाऊल आत बसलं,
बोटं पुढे टेकली, टाच मागे रुतली.

आता टाच उचल, तो म्हणाला.
उचलली.
उचलली म्हणजे, मी उचलली; ती उठली नाही.
माझ्याच अंगाचा एक तुकडा माझं ऐकेना
आणि मला हसू आलं.

अस्वलाची किंमत मी पुन्हा एकदा वाचली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
मी फक्त पायांचं बघितलं.
जुन्याच बोर्डावर त्याने नवे बूट बसवले,
पुढचा अठरा अंशांवर, मागचा किंचित उलटा,
दोन्ही एकेक भोक आत,
आणि स्क्रू आवळताना म्हणाला,
बोर्ड कमी पडायला लागला की तुलाच कळेल.
कसं कळेल?
तोवर आणखी पडशील ना.

जुने बूट पिह्लाने पळवले.
दहा वर्षांची आहे. लोकरीच्या मोज्यांवर घालून
सोफ्यावरून गालिच्यावर उड्या मारते,
आणि तिला ते अगदी बरोबर होतात, म्हणते.

संध्याकाळी वारा पडला.
ओइवाने दोर ताणला, मी कडेवर झुकले,
लाट आली, गेली,
हवेत असताना टाचेचा विचार आला
आणि टाच जिथल्या तिथे.
उतरले.
उतरून एक, दोन, जवळजवळ तीन श्वास उभी होते.
मग पुढची कड पाण्यात रुतली आणि मी तोंडावर.

वर आले तर ओइवा बोट वळवून येत होता, चेहरा पांढरा,
कारण मी दोन्ही हात हलवत किंचाळत होते:
पंजावर!
पलीकडे!