धार

पहाटे साडेचार. मिलवॉकी. हॉस्पिटलचं तळघर.
डार्लीन शिशाचं झाकण सारते, म्हणते,
"चल, गाईची धार काढू."
गाय म्हणजे मॉलिब्डेनमचा डबा.
दूध टेक्नेशियमचं,
सहा तासांत निम्मं उरणारं.
तिच्या वडिलांकडे खऱ्या होत्या, चाळीस होलस्टीन.
विकल्या त्या साली ती इथे लागली.

माझा अर्ज अजून कोरा.
डॉक्टर लुंडग्रेन काल सूप फुंकत म्हणाले,
"आधी रेडिओलॉजी कर.
नुसतं न्यूक्लिअर घेतलंस तर उभं कोण करणार?"
खोटं नाही त्यांचं. आमच्या पुढची तुओमी
तीन वर्षं शिकली,
आणि आता पुन्हा पहिल्या वर्षाच्या रांगेत.

आठला कोवाल्चिक येतात,
बिअरच्या कारखान्यात जन्म गेलेले.
मार्चमध्ये त्यांच्या बरगड्यांत, मणक्यांत
इतके काजवे होते की मी मोजणं सोडलं.
मग ल्युटेशियम, चार वेळा.
आज पडद्यावर तीन.
मी पुन्हा मोजते. तीनच.
ते मोजे चढवत विचारतात,
"पुढच्या वर्षी असशील ना इथे?"
मी त्यांच्या बुटाची नाडी सापडवून देते.

दुपारी डार्लीनला विचारलं,
गाई जाणार हे माहीत असताना
शेवटच्या दिवशी काय केलंत?
ती सिरिंजवर वेळ लिहीत होती.
"पहाटे धार काढली," म्हणाली.
"सड भरलेले होते ना."