बोली

पीटरहेडच्या मासळीबाजारात
बत्तीस वर्षं लिलाव पुकारणारा इनिस
फोन बिस्किटांच्या डब्यात टाकून
घोंगडीवर मांडी घालून बसलाय.
मांडी जमत नाही. गुडघे वर.

श्वास एक वार.
श्वास दोन वार.
तिसऱ्याच्या आत मन
भलत्याच धक्क्याला लागलेलं,
हॅडॉकची खोकी मोजत.

दुसऱ्या दिवशी जेवताना
समोरच्या म्हातारीनं न मागता
मीठ सरकवलं.
आभार ओठांपर्यंत आले;
गिळले त्यानं
सूपाबरोबर.

चौथ्या पहाटे छपरावर
कुरव पक्षी केवढ्यानं ओरडला!
कुणीच बोली लावली नाही.
त्यानंही नाही.

फाटकात लेक, गाडी सुरूच.
"बाबा, कसं होतं?"

इनिस एक बोट उचलतो,
जरासंच,
मागच्या रांगेतलं मुरलेलं गिऱ्हाईक
उचलतं तसं.