सहा दातांचा कपलर

दाभोली नाक्यावर, इनासच्या दुकानात
मिक्सर नेला टॉवेलात गुंडाळून,
तापलेल्या पोराला दवाखान्यात न्यावं तसा.
नुसती मोटार. भांडी नाहीत.

इनासने चष्मा कपाळावर चढवला,
नावावरचं खारं अंगठ्याने पुसलं:
'कमलिनी'. शेवटची वेलांटी गंजाने खाल्लेली.
"हिचो वंश बुडलो गे," म्हणाला,
आणि फळीवरून काढली वही,
मासळीच्या हिशेबाची, लांबट, लाल पुठ्ठ्याची.
भाटाने पिढ्या वाचाव्यात तसा वाचत गेला:

कमलिनी. जन्म कोल्हापूर, उद्यमनगर,
साल चौऱ्याहत्तर, पितळी बुश, दात सहा.
पुढे भाऊभाऊ भांडले. धाकट्याने काढली 'कमल डीलक्स',
दात आठ केले,
थोरल्याचा पार्ट आपल्यात बसू नये म्हणून.
थोरल्याने साचे विकले राजकोटला,
तिथे ती 'किरण' झाली, मग 'किरण प्लस', मग नुसती 'के'.
मग कोणी नावच विकत घेतलं
आणि आत भलतीच मोटार घातली.
"नाव ताच, जीव दुसरो.
बाजारात नाव सांगू नको, बाये. दात मोज."

मी मोजले. सहा.
त्यातला एक अर्धा.

एसटीच्या पार्सलने आंबोली उतरून
आले तीन कपलर, एकामागून एक.
पहिला सैल.
दुसरा बसला, पण त्याला जुळणाऱ्या भांड्याचा तळ रुंद.
तिसरा किंचाळला, जळक्या रबराचा वास
दुपारभर दुकानात राहिला.
तोवर पाऊस संपला, सुरमई स्वस्त झाली,
आणि आमच्याकडे वाटण पाट्यावर.
इनास म्हणे, खाऱ्या वाऱ्याला वॉरंटी वाचता येत नाही.

गेल्या सोमवारी तो बराच वेळ
पेचकस नुसता फिरवत बसला.
"भांडी खंय गेली तुजी?"

वाटणीत, म्हटलं.

मे महिन्यातली गोष्ट. माड बारा, सहा-सहा.
विहीर एक दिवसाआड.
मिक्सरपाशी आलो तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला,
मामा पेंगत होते, कुणाला हसू आलं नाही.
मोटार आम्हाला.
तीन भांडी झाकणांसकट भावोजींना.
कागदावर तसंच आहे, सह्यांसकट.

इनासही हसला नाही.
खालच्या खणातून एक भांडं काढून
त्याने माझ्यासमोर ठेवलं.
कडेला चेपलेलं. शिमग्याच्या गडबडीत
माझ्याच हातून पडलं होतं ते, मोरीच्या उंबऱ्यावर.
त्या खळग्यात अंगठा ठेवून बघितला.

"दोन म्हयने झाले. एक बाय ठेवन गेली.
हेका बसात अशी मोटार गावता काय बघ, म्हणान."

त्याने भांडं मोटारीवर ठेवलं, किंचित फिरवलं.
टक्.
बटण दाबलं आणि ते रिकामंच फिरलं,
अगदी जुन्या आवाजात,
जो ऐकून आमच्या दोन्ही चुलींवरची पोरं
ताटं घ्यायला धावायची.

मग त्याने बटण बंद केलं, भांडं उचललं
आणि परत खणात ठेवलं.
"भांडा तिचा. तिका इचारल्याशिवाय दिवचंय नाय."
तपासणीचे वीस रुपये घेतले.
वहीत काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही.

घरी आले. मधली भिंत नव्या चिऱ्यांची,
गिलावा अजून कुणीच केलेला नाही.
कुठल्या बाजूने करायचा, हे कागदात राहून गेलं.
पलीकडून वरवंट्याचा आवाज येत होता,
ओल्या खोबऱ्यावरचा, जड, सावकाश.
मीही पाटा मांडला.
तिचा थांबला की माझा थांबे.
मग कुणीतरी आधी सुरू करी.

मोटार ओट्यावर आहे, टॉवेल तसाच.
उद्या बुधवार. पाण्याची पाळी हेमलताची.
रहाट माझ्या बाजूला आहे.