डिस्प्ले पालथा

अमळनेरला स्टँडच्या मागं, रसवंतीला लागून
माझं दुकान. पाच बाय सात.
मोबाइल दुरुस्ती, रिचार्ज, काच बसवून मिळेल.
काच बसवून देतो. बाकी काही बघत नाही.

हे मला भुसावळच्या दस्तगीरभाईंनी शिकवलं,
सोल्डरिंग शिकवायच्या आधी.
"कुणाच्या घरी पंखा लावायला गेलास
तर कपाट उघडतोस का?
मग?"
एवढंच. त्या 'मग'वर माझी सतरा वर्षं निघाली.

कॅमेरा तपासायचा तर भिंतीचा फोटो काढायचा
आणि लगेच पुसायचा.
उघडलेल्या फोनवर 'घर' असा कॉल आला
तर वाजू द्यायचा, डिस्प्ले पालथा करून.
लोक पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतात,
मुलीचं नाव, जन्मसाल, एकानं तर शेजारणीचं.
ती चिठ्ठी गिऱ्हाइकासमोर फाडायची.
समोर.

एकदा चुकलो.
निळ्या कव्हरचा फोन, फोटो आपोआप उघडले,
बंद करायला मी चार सेकंद उशीर केला.
मग पारोळ्याच्या एका लग्नात मी वाढायला
आणि ती बाई पंगतीत.
वांग्याची भाजी पत्रावळीबाहेर वाढली मी.
तिला काही माहीत नव्हतं. मला होतं.

वैशाखातली दुपार, कूलरमधलं पाणी संपलेलं.
मारवडहून केवळबाई साळुंखे आल्या.
रुमालात फोन, रुमालाला गाठ.
मालकाचा. तेराव्यापासून बंद.
चार्जिंगच्या खोबणीत कापसाचा तंतू अडकलेला,
सुईनं काढला, तसा फोन जागा झाला
आणि थरथरतच राहिला.
दोनशे एकोणऐंशी निरोप.

"वाच ना भाऊ, काय लिखेल शे?"

म्हटलं, आम्ही वाचत नसतो.
म्हणाल्या, "माले वाचता येत नही."
दस्तगीरभाईंनी याचं काही शिकवलं नव्हतं.

उघडला. गावाचा ग्रुप.
वर आप्पांचा फेट्यातला फोटो,
खाली तीन इंग्रजी अक्षरं. त्याखाली तीच. त्याखाली तीच.
टाइपही न केलेली,
वरची उचलून खाली ठेवलेली.
मग जोडलेले हात, पिवळे, रांगेनं.
मध्येच नवरा-बायकोचा एक विनोद,
एक ट्रॅक्टर विकणे आहे,
पुन्हा हात.

तीन अक्षरं मोठ्यानं कशी वाचायची?
म्हटलं, "हात जोडलेत, मावशी."
"कोन-कोननी?"

मग नावं वाचायला लागलो.
भटू पाटील. निंबा वाघ.
सुरतहून जिभाऊचा मोठा.
आणि प्रत्येक नावाला केवळबाई
डोक्यावरचा पदर सारखा करून
माझ्या टेबलावरच्या त्या फोनला
हात जोडत होत्या.
घाई नाही. नाव, हात. नाव, हात.
"हाऊ तं दारवर बी उना व्हता," मध्येच म्हणाल्या.
एका नावाला हात अर्ध्यावर थांबले.
बांधाचं भांडण असावं. विचारलं नाही.
थोड्या वेळानं जोडले.

विनोद आणि ट्रॅक्टर मी अंगठ्याखालून
पुढे सरकवले.
मीही पाठवतो असे हात, चहा पिता पिता.
जोडलेले दोन, एका अंगठ्यानं.

बाकावर एक पोरगा रील बघत होता, आवाज मोठा.
त्याला काही बोललो नाही.
तिसाव्या नावाच्या आसपास लक्षात आलं,
आवाज कधीचा बंद आहे.

बॅटरी चार टक्क्यांवर आली,
अजून चाळीसेक नावं होती.
वायर लावली. रसवंतीवाल्याला खूण केली,
दोन ग्लास, बर्फ कमी.
"वाच भो, पुढे कोन?"

पुढे सुपडू माळी.