सेलू, बाजू दुसरी

कॅसेटींच्या पाठीवर माझंच अक्षर:
जालना. आवाज चांगला, गर्दी कमी.
परळी. जनरेटरची घरघर गाण्यापेक्षा सुरात.
उदगीर. दुसऱ्या गाण्यात कुणीतरी लेकराला हाका मारतंय,
"बाळ्या, कुठं जायलास रे",
पुसता येत नाही, पुसायचंही नाही.
सेलूपुढं मी काहीच लिहिलेलं नाही.

शमुवेल उजगरेचा तो खेळच असा होता:
परभणीच्या बंद जिनिंगमधून उचललेला प्रेस,
त्यात फळ्यांची पोकळ गाठ, वरून रुई थापलेली,
पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेली.
ड्रमच्या चौथ्या ठोक्याला पट्ट्या सुटायच्या
आणि आतून तो उठायचा, चेहऱ्याला चुना, केसांत सरकी,
चर्चमध्ये शिकलेल्या बोटांनी
गिटारची पहिली तार अशी ओढायचा
की पुढच्या रांगेतले मोंढ्याचे हमाल
खुर्च्या सोडून उभे राहायचे.
पंख्यांपुढं कापूस उडायचा. माईकमध्ये जायचा.
अजून लोक विचारतात, रेकॉर्डिंगला पाऊस होता का.
नव्हता.

सेलूला खिटी अडकली.
मुस्तकीमनं चार मोजले, धूर सुटला,
गाठ तशीच.
मग आतून
ठक. ठक. ठक.
मुस्तकीमला वाटलं नवी लय आहे,
उचलली त्यानं.
टाळ्यांनी मैदानानं तीच धरली.
आणि आत, कापूस गिळत,
गळ्याला बांधलेल्या माईकवर
तो गायला लागला.

तसा आवाज त्याला आधी नव्हता.
नंतर नांदेडला, हिंगोलीला
मुद्दाम कोंडून घेऊन बघितलं त्यानं.
नाही आला.

मी खाली टेबलाशी, कानाला हेडफोन.
खिटी सात पावलांवर. पक्कड माझ्याच खिशात.
सुई लाल रेघेला शिवून परत येत होती,
इतकी नीट
की मला हलवेना.
पावणेसहा मिनिटं.

पुढं ती कॅसेट औंढ्यापासून औशापर्यंत
काळीपिवळीत वाजली.
पोरं चहाच्या टेबलावर ते तीन ठोके वाजवून दाखवायची.

शमुवेलनं एकदाच विचारलं,
परभणी स्टेशनवर, मनमाडची गाडी लेट:
"ठोके ऐकू आले नव्हते का रे तुला?"
म्हटलं, "गोंधळ लई होता."
त्यानं मान हलवली.
कानातून अजून रुई निघते म्हणाला,
आणि शेंगांची पुडी माझ्यापुढं धरली.

आता मशीनचा पट्टा ढिला झालाय.
सगळं जरा सावकाश वाजतं,
हेडफोन एकाच कानाला बोलतो.
काल रात्री दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या मधे
जागा झाली थोडी,
आणि त्या जागेत कुणीतरी
"अनशीराम" म्हणालं.

मी टेप मागं घेतली.
पुन्हा घेतली.

कापूस असेल.