सबूर

खोर्रमशहरच्या धक्क्यावर आमचं जहाज अकरा दिवस अडकलं,
एका शिक्क्यासाठी.
सातव्या दिवशी सैहूद मला घरी घेऊन गेला,
क्रेनवरचा सैहूद, कागदावर ज्याचं नाव सियावश आहे,
कारण तो जन्मला तेव्हा टेबलामागचा माणूस म्हणाला होता,
हे नाव यादीत नाही.

घरात त्याची आत्या, नशमिया. नव्वदीची असेल.
कुठून आलास?
निपाणी, म्हणालो.
तिनं ते नाव दोनदा तोंडात घोळवून पाहिलं,
मग नदीकडे हात केला: आणि हे मुहम्मरा.
सैहूद खिडकीबाहेर बघत राहिला.
पाटीवर काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं.
ती पाटी वाचत नाही, एवढंच.

कॉफी कडू, वाटी बोटभर.
वाटी हलवून नको म्हणायचं असतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पाच वाट्या प्यालो मी, आणि प्रत्येक वाटीबरोबर एक पिढी.
खजुराची झाडं तिच्या आजोबांच्या आजोबांची.
मुलखाचं नाव तेव्हा अरबस्तान,
शहाच्या कागदांतसुद्धा.
मग एका वर्षी सैनिक आले,
मोठ्यांना राजधानीत नेलं,
आणि कागद दुसरे निघाले.

शेजारचे पूरदेहकान मास्तर येऊन बसले होते.
ते म्हणाले, अडीच हजार वर्षांचं बोल, नशमिया.
शूशच्या विटा बघ, त्यांच्यावर कोरलेलं आहे.
अरबीत?
नाही.
मग फारसीत?
मास्तर हसले. तेही नाही म्हणा.
त्या भाषेत आता कुणीच भांडत नाही.

युद्धाचं तिनं थोडक्यात सांगितलं.
पलीकडून आम्हाला सोडवायला आले,
भोंग्यावर माझीच भाषा होती,
पहिला गोळा माझ्या म्हशींवर पडला.
दीड वर्षांनी अलीकडच्यांनी सोडवलं,
आणि विचारलं, तेव्हा तू कुणाकडे बघत होतीस?
झाडांकडे, ती म्हणाली. मुंडकी उडालेली उभी होती, ओळीनं.
मास्तरांचा भाऊ इथल्याच पुलाजवळ गेला.
ते गप्प झाले तेव्हा
तिनं न विचारता त्यांची वाटी भरली.

माझे वडील भूमापन कचेरीत होते.
आमच्याकडेही रात्रीतून पाट्यांना काळं फासतात,
सकाळी कुणी तरी पुन्हा रंगवतं,
त्यामुळे मी मध्ये बोललो नाही.
फक्त मनात त्यांचं दप्तर उघडलं:
हक्क अरबी, हद्द अरबी, दावा, कब्जा, वारस अरबी.
जमीन मात्र फारसी.
सरकारही.
भांडायचे सगळे शब्द आम्ही इथूनच उचललेले,
आणि वाटायचं, घरचे आहेत.

जेवायला मासा होता, चिंच आणि मेथी भरून भाजलेला.
खाडीतून येतो, नशमिया म्हणाली,
प्रवाहाच्या उलटा, गोड्या पाण्याकडे, वसंतात.
नाव सबूर.
म्हणजे धीर धरणारा, सैहूदनं सांगितलं.
सबुरी, मी म्हणालो, आमच्याकडेही आहे हा शब्द.
मासाही असावा. आमचा केळशीचा खलाशी त्याला पाला म्हणतो.
यंदा दोनच मिळाले.
वर धरणं झाली, पाणी दूरच्या शहरांना गेलं,
कारूनला भरतीचं मीठ चढलं,
आता मासा येतो तो कुठवर, कुणास ठाऊक.

काटे फार.
केसासारखे, दुहेरी.
खाताना बोलता येत नाही.
आम्ही चौघं बराच वेळ
आपापल्या ताटात खाली मान घालून
एकेक काटा काढत होतो,
आणि मास्तरांना दिसत नव्हतं म्हणून
त्यांचे नशमिया काढत होती.

अकराव्या दिवशी शिक्का मिळाला.
फॉर्मवर एक रिकामी ओळ होती: बंदराचं नाव.
पेन हातात घेऊन मी थोडा थांबलो,
असं आता सांगतो.
खरं तर थांबलो नव्हतो.
पाटीवरचंच लिहिलं.
जहाज सोडायचं होतं.